समुपदेशक व्हायचे आहे? फी भरण्याआधी हे वाचा

समुपदेशनाचा कोर्स करायचे मनात असेल, तर आधी कोर्स शोधू नका. नोकरीची जाहिरात शोधा. आरोग्य विभागाची, एड्स नियंत्रण संस्थेची, एखाद्या शाळेची, एखाद्या स्वयंसेवी संस्थेची, अशा गेल्या वर्षभरातल्या चार-पाच जाहिराती काढा आणि ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ‘एमएसडब्ल्यू किंवा एम.ए. मानसशास्त्र’ असे सापडेल. त्यापुढे ‘अनुभवास प्राधान्य’, ‘एकत्रित मानधन’, ‘११ महिन्यांचा करार’. ‘तीन महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा’ असे कुठेही लिहिलेले नसते. तुमच्या मोबाइलवर मात्र रोज त्याच डिप्लोमाच्या जाहिराती येतात. या दोन जाहिरातींमधल्या अंतरातच लोकांचे पैसे जातात.

आधी कायद्याची बाजू, थोडक्यात. ‘समुपदेशक’ ही पाटी लावायला आज वेगळा परवाना लागत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी हवीच. १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गोळ्या लिहून देणे हे मनोविकारतज्ज्ञाचे, म्हणजे डॉक्टरचे काम. तुम्ही एम.ए. झालात तरी ते तुमचे नाही. चौथी गोष्ट २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याची. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि मानसोपचार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते या कायद्याच्या यादीत आले आहेत. म्हणजे ‘परवाना लागत नाही’ ही सवलत कायमची धरून चालू नका. आज कसलेही प्रमाणपत्र चालते म्हणून स्वस्तातले घेतले आणि उद्या नोंदणीच्या वेळी पदवी व प्रात्यक्षिकांचे तास विचारले, तर तुमच्या हातात दाखवायला काही नसेल.

दूरस्थ एम.ए. विसरा

नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी अनेक वर्षे सोपा मार्ग होता तो मुक्त विद्यापीठातून एम.ए. मानसशास्त्र करण्याचा. तो आता बंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास मनाई केली आहे. त्याआधी प्रवेश घेतला असेल तर पदवी पूर्ण करून घ्या, वेळापत्रक आणि मुदत आपल्या अभ्यासकेंद्रात विचारून ठेवा. पण आज कुणी फोन करून ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, जागा मर्यादित’ म्हणत असेल, तर फोन ठेवा. ‘मागच्या तारखेने प्रवेश दाखवतो’ असे सांगणारे एजंटही भेटतील. त्यात पैसेही जातात आणि पदवीवर कायमचा डाग राहतो.

नियमित एम.ए.: फी कमी, राहणे महाग

सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात टिकाऊ रस्ता म्हणजे शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयातले, नाहीतर विद्यापीठाच्या विभागातले दोन वर्षांचे नियमित एम.ए. वर्षाची फी साधारण काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत. तोच विषय खासगी विद्यापीठात वर्षाला एक ते तीन लाखांपर्यंत जातो. दोन्हींच्या पदवीवर शेवटी ‘एम.ए.’ किंवा ‘एम.एस्सी.’च लिहिलेले असते आणि सरकारी कंत्राटी भरतीत दोन्ही उमेदवार एकाच रांगेत बसतात.

पुण्या-मुंबईत घर नसेल तर फीपेक्षा मोठा आकडा राहण्याचा. पेइंग गेस्ट किंवा वसतिगृह आणि मेस धरून महिना आठ ते पंधरा हजार. दोन वर्षांचे दोन-तीन लाख इथेच गेले. त्यामुळे कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा आपल्या जवळच्या विद्यापीठातला विभाग आधी पाहा. महाविद्यालयाच्या नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: प्रात्यक्षिकांसाठी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णालयात, शाळेत किंवा संस्थेत पाठवता का, किती तास, आणि तिथे वरिष्ठ कोण असते? ‘केस स्टडीची फाइल लिहून घेतो’ एवढेच उत्तर आले तर दुसरे महाविद्यालय बघा.

बी.ए.ला मानसशास्त्र नव्हते? काही विद्यापीठे कोणत्याही पदवीधराला प्रवेश परीक्षेवर एम.ए.ला घेतात, काही घेत नाहीत. माहितीपुस्तिकेत ‘पात्रता’ वाचा, क्लासवाल्याला विचारू नका.

वेळापत्रक पाळा. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी, म्हणजे ‘टिस’साठी, सीयूईटी-पीजी ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असाल तर दिवाळीनंतर लगेच संकेतस्थळ पाहू लागा. राज्यातल्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा आणि गुणवत्ता याद्या उन्हाळा ते जुलै-ऑगस्ट या काळात येतात. प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे आणि ते परत मिळत नाही. पाच-सहा ठिकाणी अर्ज केले तर चार-पाच हजार याच कामाला बाजूला ठेवा.

एमएसडब्ल्यू: ज्याकडे फार कमी लोक बघतात

समुपदेशक व्हायचे म्हणजे मानसशास्त्रच शिकायला हवे, असा समज पक्का आहे. तो खरा नाही. मास्टर ऑफ सोशल वर्क ही दोन वर्षांची पदवी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते, आणि सुरुवातीच्या नोकऱ्यांच्या बाबतीत ती एम.ए.पेक्षा कमी नाही. अनेकदा ती जास्त उपयोगी पडते. सरकारी रुग्णालयातले आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र, किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक, महिलांसाठीचे सखी केंद्र, कौटुंबिक न्यायालय, व्यसनमुक्ती केंद्र या सगळ्या ठिकाणी एमएसडब्ल्यू चालते किंवा तेच मागतात. मुंबईत टिस आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात तिरपुडे महाविद्यालय ही जुनी नावे. याशिवाय अनेक जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. तुमची पदवी वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची असेल, हातात दोनच वर्षे असतील आणि शिक्षण संपल्यावर लगेच पगार हवा असेल, तर एमएसडब्ल्यू करा आणि विशेषीकरण वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याचे घ्या. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात असता. वॉर्डातल्या नातेवाइकांशी बोलणे, घरभेट देणे, त्याची नोंद लिहिणे, ती पर्यवेक्षकाकडून तपासून घेणे हे दोन वर्षे सतत चालते. दुसऱ्या वर्षाअखेर तुमच्याकडे पदवीबरोबर नोंदवह्यांचा एक गठ्ठा असतो. मुलाखतीत तो चालतो. कोणत्याही सोनेरी सहीच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त चालतो. तो जपून ठेवा, नावे-गावे झाकून.

इथला छुपा खर्च प्रवासाचा. कार्यक्षेत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाले तर महिन्याचे हजार-दोन हजार तिकिटात जातात. ग्रामीण शिबिर, अभ्यास सहल, दुसऱ्या वर्षातले महिनाभराचे सलग क्षेत्रकार्य यांचे पैसे फीच्या तक्त्यात अनेकदा नसतात. प्रवेशावेळीच विचारा: ‘शिबिर आणि सहल धरून दोन वर्षांचा एकूण आकडा किती?’ आणि उत्तर लेखी घ्या.

कागदपत्रे आणि दाखल्यांचा खर्च

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, आधार, फोटो, अधिवास. आरक्षणासाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. स्थलांतर प्रमाणपत्राला आठवडे लागू शकतात, म्हणून निकाल लागताच अर्ज करा. बाकी सगळे गोळा केले आणि या एका कागदावाचून प्रवेश लटकला, असे दरवर्षी होते.

जातीचा, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढताना कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितला तर थांबा. या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. सेतू केंद्रातले दरपत्रक वाचा आणि पावती मागा.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी आणि प्रवर्गानुसार इतर योजनांसाठी पात्रता तपासा. बँक खाते आधारशी जोडलेले हवे, नाहीतर मंजूर रक्कमही अडकते. रक्कम उशिरा येते. पहिल्या सत्राची फी खिशातून भरायची तयारी ठेवा.

प्रमाणपत्रांचा बाजार

आता मुख्य सावधगिरी. समजा, जाहिरातीत ‘समुपदेशन डिप्लोमा, फक्त १५,००० रुपये’ असे आहे. खासगी क्लासवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे झाले १७,७००. मग साहित्याचे २,०००, परीक्षेचे १,५००, प्रमाणपत्र घरपोच पाठवण्याचे ५००, आणि शेवटी कळते की ‘प्रॅक्टिकम’ हवा असेल तर वेगळे ४,०००. १५ हजारांचा कोर्स २५,७०० रुपयांना पडला. नोकरीच्या जाहिरातीतल्या अर्हतेत तो अजूनही बसत नाही.

प्रमाणपत्रावरच्या शिक्क्यांना भुलू नका. ‘आयएसओ ९००१’ म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचे प्रमाणपत्र. त्याचा शिकवण्याच्या मान्यतेशी संबंध नाही. ‘एमएसएमई नोंदणीकृत’ म्हणजे उद्यम पोर्टलवर केलेली व्यवसायाची नोंद. ती कुणालाही मोफत करता येते. ‘नीती आयोगाकडे नोंदणी’ म्हणजे बहुधा दर्पण पोर्टलवरची स्वयंसेवी संस्थेची नोंद. यातले एकही तुमच्या डिप्लोमाला मान्यता देत नाही. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ लिहिले असेल तर मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव विचारा आणि ती कुठल्या कायद्याने स्थापन झाली ते विचारा. उत्तर मिळणार नाही.

पैसे घेऊन दिली जाणारी इंटर्नशिप हाही तसाच प्रकार. पंधरा दिवस, ऑनलाइन, दोन ते सहा हजार रुपये, रोज तासभर व्याख्यान आणि शेवटी ‘अनुभव प्रमाणपत्र’. त्यात एकही माणूस तुमच्यासमोर बसून बोललेला नसतो. पदवीच्या विद्यार्थ्यांकडून यासाठी पैसे घेतले जातात, याचा मला राग येतो. मोठ्या अक्षरांतल्या ‘लाइफ कोच’, ‘हिप्नोथेरपिस्ट’ या दोन दिवसांच्या कार्यशाळा आणि विकत मिळणारी मानद डॉक्टरेट याच रांगेतली. नावामागे ‘डॉ.’ लावून मानसिक त्रासातल्या माणसाला बोलावणे ही फसवणूक आहे, तुम्ही ती करू नका.

मग लहान कोर्स करूच नयेत का? करा, पण पदवीनंतर किंवा पदवीबरोबर, आणि एखादे नेमके कौशल्य शिकण्यासाठी. विवेकनिष्ठ उपचारपद्धती, व्यसनाधीनांशी संवाद, मुलांबरोबर काम, अशांसाठी. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या प्रत्यक्ष रुग्णसेवा देणाऱ्या संस्था मराठीतून प्रशिक्षण देतात. जिथे उपचार चालतात तिथे शिका. आणि केवळ आवड तपासायची असेल तर पैसे खर्चूच नका. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. परीक्षा द्यायची तरच हजार रुपये.

क्लिनिकलचा लांब रस्ता

‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव पाहून अनेकजण फसतात. विद्यापीठाने विशेषीकरणाला ते नाव दिले म्हणजे आरसीआयची मान्यता मिळत नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची आणि अभ्यासक्रमांची यादी असते. तीत तुमच्या महाविद्यालयाचे नाव, तोच अभ्यासक्रम आणि चालू वर्ष हे तिन्ही दिसले पाहिजे.

आजवरचा रस्ता एम.ए.नंतर दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था हे त्याचे राज्यातले एक सरकारी केंद्र. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांना यूजीसीने २०२५-२६च्या सत्रापर्यंत मुभा दिली. म्हणून आता कुणी पुढच्या वर्षाच्या एम.फिल.साठी आगाऊ रक्कम मागत असेल तर आधी परिषदेची चालू यादी उघडा. खासगी ठिकाणी या शिक्षणाचा खर्च काही लाखांत जातो, आणि नोंदणीनंतरही दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. नुकतीच सुरुवात करणाऱ्याने या रस्त्याचा निर्णय एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात घ्यावा, आज नाही.

शिक्षकांसाठी मात्र एक वेगळी सोय आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम: सहा महिने घरून, तीन महिने प्रत्यक्ष केंद्रावर, तीन महिने आपल्या शाळेत. महाराष्ट्राला जवळचे केंद्र भोपाळचे. तीन महिने बाहेरगावी राहण्याचा खर्च आणि शाळेची रजा हे दोन प्रश्न आधी सोडवा, मगच अर्ज करा.

पदवीनंतरचा खर्च कुणी सांगत नाही

पदवी हातात आली की खर्च संपला असे वाटते. तसे नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला एका अनुभवी समुपदेशकाकडे आपली कामे नियमित तपासून घ्यावी लागतील. याला सुपरव्हिजन म्हणतात. एका तासाचे साधारण एक ते अडीच हजार, गटात बसलात तर पाचशे ते हजार. महिन्यातून दोनदा दीड हजार म्हटले तरी वर्षाचे ३६,००० झाले. हे टाळू नका. आत्महत्येचे विचार सांगणारी व्यक्ती समोर बसली की पुस्तक उपयोगी पडत नाही, फोन उचलणारे वरिष्ठ उपयोगी पडतात. म्हणून पहिली नोकरी निवडताना हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील, पण संस्थेत आठवड्याला केस-चर्चा होते का ते विचारा. जिथे होते तिथे हे ३६,००० वाचतात. शिवाय स्वतः काही सत्रे समुपदेशन घेऊन पाहणेही गरजेचे. त्याचा खर्च शहरानुसार सत्रामागे आठशे ते अडीच हजार.

उत्पन्नाचा आकडाही समोर ठेवा. संस्था किंवा कंत्राटी सरकारी कामात सुरुवातीला महिना १५ ते २५ हजार, मोठ्या शहरातल्या खासगी शाळेत त्याहून थोडे जास्त. आता खासगी विद्यापीठासाठी सहा लाखांचे कर्ज काढले आणि ते साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे, तर हप्ता सुमारे १२,९०० रुपये. पगाराचा अर्धा किंवा त्याहून जास्त भाग तिकडे गेला. पहिल्या दिवसापासून स्वतःचे केंद्र थाटून हे भरून काढू, हा हिशेब करू नका. नवख्या माणसाकडे महिनोन्‌महिने फारसे कुणी येत नाही आणि खोलीचे भाडे थांबत नाही.

फी भरून चुकलात तर

विद्यापीठ किंवा संलग्न महाविद्यालयाचा प्रवेश रद्द करायचा तर यूजीसीचा परताव्याचा नियम आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी, त्यानंतर पण त्या तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया शुल्क कापता येते, तेही फीच्या पाच टक्के आणि कमाल पाच हजार. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही.

खासगी क्लासला हा नियम लागू नाही. म्हणून तिथे सगळी रक्कम एकदम भरू नका, हप्ते मागा, रोख देऊ नका, जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासने जपून ठेवा. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

आणि हे सगळे करण्याआधी एक काम, बिनखर्चाचे. आत्महत्या प्रतिबंधासाठी स्वयंसेवक घेणाऱ्या संस्था आहेत, पुण्यातली कनेक्टिंग ट्रस्ट त्यातली एक. त्या निवडक लोकांना ऐकण्याचे प्रशिक्षण देतात. जवळ अशी संस्था नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रात किंवा वृद्धाश्रमात आठवड्याचे चार तास द्या. तीन महिने दर आठवड्याला दुसऱ्याचे दुःख ऐकणे तुम्हाला झेपते का, हे लाखभर खर्चण्याआधी कळेल. ऐकताना स्वतःलाच त्रास होऊ लागला, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मोफत आहे.

अजूनही एखाद्या कोर्सबद्दल शंका असेल तर फी भरण्याआधी त्याच कोर्सच्या मागच्या बॅचच्या तीन विद्यार्थ्यांचे क्रमांक संस्थेकडे मागा आणि आज ते कुठे काम करतात, विचारा. क्रमांक द्यायला संस्था तयार नसेल, तर तिथे पैसे भरू नका.